भाकरीपासून क्रेब्ज चक्रापर्यंत

मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की आपल्या घरांतून पेढे वाटले जातात, आणि पुढे दोन-तीन महिन्यांत घरात एक नवा शब्द वावरू लागतो : बायोकेमिस्ट्री. पहिल्या वर्षाच्या तीन मुख्य विषयांपैकी शरीररचनाशास्त्र म्हणजे काय हे आजीलाही सांगता येते, शरीरक्रियाशास्त्राचा अंदाज बांधता येतो. जीवरसायनशास्त्र मात्र पालकांना अंधारी खोली वाटते. आम्ही मराठीचे शिक्षक. या विषयावर आम्ही लेखणी उचलावी हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेतून जी थोडी मुले डॉक्टर होण्यासाठी जातात, ती सुटीत भेटायला येतात तेव्हा हाडांच्या नावांविषयी तक्रार करीत नाहीत, या विषयाविषयी करतात. म्हणून आम्ही त्यांची पुस्तके शब्दकोश जवळ ठेवून वाचू लागलो. त्या वाचनाचे हे फलित आहे.

अशीच एक विद्यार्थिनी एका दिवाळीच्या सुटीत आली होती. शाळेत पहिली आलेली, अत्यंत कष्टाळू मुलगी. म्हणाली, "सर, सगळं पाठ करते, पण आठ दिवसांत काही उरत नाही. मला हे सोडून द्यावंसं वाटतं." वडिलांनी शेत गहाण टाकून तिला शिकवायला पाठविले होते, त्यामुळे हे वाक्य तिने घरी उच्चारलेच नव्हते. आम्ही तिला म्हटले, "तू आम्हांला शिकव. जेवणात ज्वारीची भाकरी खाल्ली, तिचे पुढे काय होते ते सांग." ती सांगू लागली, आम्ही अडाण्यासारखे प्रश्न विचारीत गेलो. पुढचे विवेचन पुष्कळसे त्या दुपारचेच आहे.

भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला तर तो गोड लागू लागतो. लाळेतील एक विकर पिठातील स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांच्या लहान शर्करा करते, म्हणून. विकर म्हणजे एन्झाइम : स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगाने घडवून आणणारे, बहुधा प्रथिन असलेले द्रव्य. एन्झाइम या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'किण्वामध्ये असलेले' असा आहे. साखरेचे मद्य करण्याचे काम केवळ जिवंत किण्वपेशीच करू शकते, अशी समजूत एके काळी दृढ होती. १८९७ मध्ये एडुआर्ट बुख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने किण्वपेशी चिरडून त्यांचा रस काढला आणि एकही जिवंत पेशी नसलेल्या त्या रसाने साखर आंबवून दाखविली. जिवंतपणातील एक क्रिया परीक्षानळीत आणता आली. पुष्कळ जण आधुनिक जीवरसायनशास्त्राचा आरंभ तेथून मानतात. बुख्नर यांना त्यासाठी १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भाकरीतील स्टार्चचे शेवटी ग्लुकोज होते आणि ते रक्तातून पेशीत शिरते. सहा कार्बन अणूंच्या या रेणूचे दहा पायऱ्यांत दोन तुकडे होतात, प्रत्येकी तीन कार्बनांचे. त्यांना पायरुव्हेट म्हणतात. या दहा पायऱ्यांची नावेच मुले घोकतात. वस्तुतः दोनच गोष्टींकडे लक्ष द्यायचे असते. एक, या खटाटोपात एटीपी या द्रव्याचे दोन रेणू निव्वळ नफ्यात पडतात. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातील रोकड. दुसरी गोष्ट, ग्लुकोजमधून निघालेला हायड्रोजन उचलून नेण्यासाठी एनएडी नावाचा हमाल लागतो. पाटी भरली की ती पुढे जाऊन रिकामी करावी लागते. रिकाम्या पाट्या परत आल्या नाहीत तर काम तेथेच थांबते.

पाटी रिकामी व्हायला सामान्यतः प्राणवायू लागतो. आपण जोराने धावलो आणि स्नायूंना तो अपुरा पडला की पेशी एक युक्ती करते. हायड्रोजन पायरुव्हेटवरच ओतून त्याचे लॅक्टेट बनविते आणि हमालाला मोकळे करते. विरजण लावलेल्या दुधातील जीवाणूही नेमके हेच करतात. तळ्यावर धावणाऱ्या मुलाच्या पोटरीत आणि स्वयंपाकघरातील दह्याच्या भांड्यात एकच क्रिया चालते, हे ऐकून आमची विद्यार्थिनी क्षणभर गप्प झाली. दोन्ही वाक्ये तिच्या वहीत होती, पण वेगवेगळ्या पानांवर.

प्राणवायू पुरेसा असला तर पायरुव्हेट पेशीतील मायटोकाँड्रिया या भट्टीत जाते आणि तेथे प्रसिद्ध क्रेब्ज चक्र फिरते. हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र १९३७ मध्ये मांडले, तेव्हा 'नेचर' या नामांकित नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठविला होता. १९५३ मध्ये त्याच कार्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले. चक्राच्या पुढे आणखी एक साखळी आहे. तेथे हमालांच्या पाट्या रिकाम्या होतात, हायड्रोजन प्राणवायूला मिळून पाणी होते आणि एटीपीची खरी कमाई पडते. आजच्या हिशेबाने एका ग्लुकोजमागे एकूण तीस ते बत्तीस.

येथपर्यंत आल्यावर आम्ही विचारले, "हा एनएडी शरीर कशापासून बनविते?" तिने तत्काळ उत्तर दिले, "नायासिनपासून. ब गटातलं जीवनसत्त्व." आणि ते नसले तर? "पेलाग्रा." चार खुणाही तिने एका दमात सांगितल्या : उन्हाला उघड्या पडणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि उपचार न झाल्यास मृत्यू. सारे ठाऊक होते. फक्त हमाल आणि रोग यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. हमाल कमी पडले तर शरीराच्या प्रत्येक पेशीत कामाचा खोळंबा होणार. ज्या पेशी झपाट्याने झडतात व नव्या होतात त्या त्वचेत आणि आतड्यात, तसेच ऊर्जेचा सतत खप असणाऱ्या मेंदूत, तो आधी दिसावा हे ओघानेच आले.

या रोगाचा इतिहास कादंबरीसारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने थैमान घातले आणि तो संसर्गजन्य असल्याचा गवगवा झाला. १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे चौकशीचे काम आले. अनाथालयांतील मुले आजारी पडतात, त्यांना सांभाळणारे कर्मचारी पडत नाहीत, हे त्यांच्या नजरेने टिपले. दोष अन्नात असला पाहिजे हे दाखविण्यासाठी १९१५ मध्ये मिसिसिपीतील एका तुरुंगाच्या शेतावर स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना त्यांनी मक्यावर आधारलेला निकस आहार दिला. अकरांपैकी सहा जणांना रोगाची लक्षणे दिसली. कैद्यांना त्या बदल्यात माफी मिळाली, तरी हा प्रयोग आमच्या मनाला रुचत नाही. पुढे मात्र रोग संसर्गजन्य नाही हे सिद्ध करण्यासाठी गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यांच्या पत्नीनेही टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही. १९२९ मध्ये ते वारले, तोवर अन्नातील ते द्रव्य कोणते हे कळले नव्हते. ते नायासिन आहे हे कॉनराड एल्व्हेजेम यांनी १९३७ मध्ये शोधून काढले. म्हणजे क्रेब्ज यांनी ज्या वर्षी चक्र मांडले त्याच वर्षी.

मक्यातच असे काय आहे? मक्यात नायासिन असते, पण बांधलेल्या स्वरूपात. आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. मेक्सिकोतील जुने लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे ते मोकळे होई. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही.

आणि आमची ज्वारी? हा प्रश्न आम्हां हैदराबादकरांच्या अगदी दाराशी येतो. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडे नायासिन स्वतः बनविते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळे, आणि ज्वारीतले नायासिन मक्यासारखे बांधलेले आहे एवढ्याने त्याचा पुरता उलगडा होईना. १९६० मध्ये डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी असे मांडले की ज्वारीत ल्युसीन हे दुसरे अमिनो आम्ल अधिक असते आणि ते या क्रियांत विघ्न आणते. हे काम आमच्याच शहरातले. १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेली पोषणसंशोधन संस्था १९५८ मध्ये हैदराबादेत आली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. ल्युसीनविषयीचे मत पुढे सर्वांनी मान्य केले असे नाही, वाद झाले. वाचकांनी मात्र भाकरीला घाबरू नये. ताटात वरण, दूध, शेंगदाण्याची चटणी असली की प्रश्न उरत नाही; शेंगदाण्यात नायासिन विपुल असते. रोग भाकरीचा नव्हता, नुसत्या भाकरीचा होता.

ट्रिप्टोफॅनचे नायासिन होताना ब-६ जीवनसत्त्व लागते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध ब-६ मध्ये बाधा आणते, म्हणून त्या रोग्यांना ब-६ च्या गोळ्या बरोबरीने देतात. हे त्या दुपारी मुलीनेच आम्हांला समजावले, आणि सांगताना तिला वही उघडावी लागली नाही. ती आता शेवटच्या वर्षाला आहे.

पालकांनाही यातले काही उपयोगी पडेल. मधुमेही माणसाच्या तपासणीत एचबीएवनसी असा आकडा असतो. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी जिलेबी सोडून डॉक्टरांना फसविणाऱ्या आजोबांचे त्यापुढे काही चालत नाही.

एटीपीविषयी एक नाव राहिले. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. सुब्बाराव १८९५ मध्ये भीमावरम येथे जन्मले; मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्यामुळे त्यांच्यावर रोष झाला आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालची पदवी हाती पडली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. त्याचेच रूप बदलून केलेल्या अमिनोप्टेरिनने १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांना रक्तकर्काने पीडित मुलांत रोग तात्पुरता मागे हटविता आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव न्यूयॉर्क येथे वारले. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर देतात ती गोळी त्या फॉलिक आम्लाचीच.