तंबूतही रात्रिभोजनत्याग

मुंबईकर कुटुंबांना लोणावळ्याजवळील पवना जलाशयाचा काठ एका रात्रीच्या तंबूनिवासासाठी सोयीचा आहे. मात्र तेथे बहुधा जेवण रात्री उशिरा, शेकोटीभोवती होते. डिसेंबरात सूर्य तर सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून जैन कुटुंबाने सहलीचे वेळापत्रक सूर्यास्तापासून उलटे मांडावे. पहाटे निघून दुपारपर्यंत पोहोचावे. कंदमुळांविना स्वयंपाक आणि पाच वाजता भोजन, हे आरक्षण करतानाच ठरवून घ्यावे. गाळून उकळलेले पाणी घरूनच न्यावे. दिव्यावर व शेकोटीवर असंख्य कीटक झेपावतात. दोन्ही टाळल्यास जीवरक्षा होते आणि तारेही स्पष्ट दिसतात. त्या अंधारात णमोकार मंत्र म्हणून मुले निजली, की नियम म्हणजे सहलीतील अडचण नव्हे, हे त्यांना न सांगताच उमगते.