पोळ्याचा नियम शर्यतीलाही लावा की!

श्रावण सरत आला की चांदवडच्या बाजारात गोंडे, घुंगुरमाळा, मोरक्या, बेगड आणि शिंगांच्या रंगाचे डबे दिसायला लागतात. शेजारीच मातीचे बैलही विकायला असतात, कारण दावणीला बैल नसलेली घरं आता गावागावात आहेत. नांगरट ट्रॅक्टर करतो, कांदा पिकअपमधून मार्केटला जातो. आकडेही तेच सांगतात. २०१२च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून साधारण १ कोटी ५५ लाख होते, २०१९मध्ये ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले.

मग बैल तुम्हाला दिसतो कुठे? रील्समध्ये! धुरळा, आरडाओरडा, डीजे आणि सुसाट सुटलेली जोडी.

सात वर्षं ब्रेक

या शर्यतींची कोर्टकचेरी तुम्हाला माहीत असायला हवी. ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायदा बदलला, पण हायकोर्टात गाडं अडलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. पण अटी आहेतच. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. चाबूक, काठी, विजेचा शॉक चालणार नाही. बैलाचा छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘आमच्या परंपरेत कोर्टाची लुडबुड कशाला?’ असं कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. पण थांबा, परंपरा काय सांगते?

आदली संध्याकाळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही, पाठीवर आसूड नाही. आंघोळ, झूल, वेशीपासून मिरवणूक, मग पुरणपोळी. बैल राखणाऱ्या सालगड्यालाही नवे कपडे. म्हणजे ‘मारू नका’ हा नियम कोर्टाच्या कितीतरी आधी आपल्या आजी-आजोबांनी पाळलाय!

तिकडे फ्लोरिडात

गुरांवर जीव असलेली माणसं जगभर आहेत. हार्ड रॉक कॅफेचा टी-शर्ट तुमच्यापैकी कुणाकडे तरी असेल. त्या कंपनीची मालकी अमेरिकेतल्या सेमिनोल या मूळनिवासी जमातीकडे आहे. फ्लोरिडातल्या त्यांच्या ब्रायटन या वस्तीत १९३८पासून ‘फील्ड डे’ भरतो. रंगीत तुकडे जोडून शिवलेले पारंपरिक पोशाख, नाच आणि रोडिओ, म्हणजे घोड्यावरून गुरं पकडण्याचे खेळ. त्यामागे गुराख्यांचा जुना वारसा आहे. अठराव्या शतकातला त्यांचा एक नेता इंग्रजांमध्ये ‘काउकीपर’ याच नावाने ओळखला जायचा. १९३६मध्ये ब्रायटनला सरकारने गुरं पाठवली आणि पशुपालन पुन्हा उभं राहिलं. कॅसिनो, हॉटेलांचा पैसा आल्यावरही त्यांनी गुरं सोडली नाहीत. प्राण्यांच्या छळाचा वाद रोडिओलाही चुकलेला नाही. पण तिथला खेळ रोजच्या गोठ्यातून आलाय, एवढं नक्की.

आपल्याकडे धोका नेमका इथे आहे. शर्यत राहील, बक्षिसं वाढतील, पण बैलाचा खांदा कुणी चोळलाच नाही, तर उरेल तो निव्वळ तमाशा.

यंदा एवढं करा

पोळ्याला गावी जाणार असाल तर एक दिवस आधीच पोचा. खांदमळणीला हात लावा. घरी बैल नसेल तर चुलत्यांच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या गोठ्यात जा, ‘काका, मी करू का?’ म्हणा. कुणी नाही म्हणणार नाही. शर्यतीला गेलात तर धावणाऱ्या बैलाइतकंच हाकणाऱ्याच्या हाताकडेही बघा. त्या हातात काठी दिसली, तर ते रील शेअर करू नका. व्ह्यूज कुणाला द्यायचे, हे तर तुमच्याच हातात आहे ना?