पात्यावरचा लेप आणि पोलादाचे पाणी

स्वयंपाकघरातला चाकू ही इतकी नित्याची वस्तू आहे, की तिच्याविषयी चार शब्द बोलावेत असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु पात्यावरचा काळा किंवा रंगीत लेप सुटू लागला आणि त्याचे कपचे कोशिंबिरीत दिसू लागले, म्हणजे तोच चाकू घरात वादाचा विषय होतो. हा लेप घरी काढता येईल काय? बहुधा येईल, मात्र तो कशाचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

प्रथम आमची फजिती सांगतो. एका पोलादी चाकूचा रंग खरवडण्याचा कंटाळा आला, म्हणून आम्ही त्याचे पाते गॅसच्या ज्योतीवर धरले. रंग जळाला, पाते आधी पिवळसर, मग निळे झाले. काम फत्ते झाले असे आम्हांस वाटले. पुढे मात्र त्याला धार टिकेना. टोमॅटोची सालदेखील त्याला दाद देईना.

असे का व्हावे? लोहार कोयत्याला 'पाणी देतो' हे आपण पाहिले असेल. पोलाद सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम पाण्यात वा तेलात बुडवले, की ते अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा सुमारे 200 अंशांपर्यंत बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. पाते निळे झाले, म्हणजे ताप 300 अंशांच्या आसपास गेला. आणि तेवढ्या तापाने कमावलेला कठीणपणा उतरतो. रंगाबरोबर आम्ही पाणीही घालवले होते!

आगीचा दुसरा धोका याहून मोठा आहे. कित्येक चाकूंवर तव्यावर असतो तसा न चिकटणारा लेप असतो. त्यातला टेफ्लॉन हा पदार्थ 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडला. तो अतिशय तापला, की त्याच्या धुराने माणसाला हुडहुडी भरून ताप येतो आणि पिंजऱ्यातला पोपट तर प्राणासही मुकतो. तेव्हा आगीचे नाव नको.

मग करावे काय? नव्या पोलादी चाकूवर गंजाच्या भीतीने वार्निश दिलेले असेल, तर ते अॅसिटोनच्या बोळ्याने निघते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास शेगडी पेटलेली नसावी. काळा लेप लोखंडाच्या ऑक्साइडचा असेल, तर तो साध्या व्हिनेगरने सुटतो. पाते मधूनमधून पाहत राहावे, रात्रभर भिजत टाकू नये, नाहीतर आम्ल पोलादच खाऊ लागते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. रंग किंवा न चिकटणारा लेप असेल, तर पाते फळीवर सपाट ठेवून 400 नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने मुठीकडून टोकाकडे घासावे व शेवटी 1000 नंबरचा फिरवावा. ओले घासल्याने धूळ नाकात जात नाही. धारेला आधी जाड चिकटपट्टी लावावी. क्रोमियमचा मुलामा मात्र घरी काढू नये. तेजाब आणि वीज लावून तो काढताना विषारी क्षार तयार होतात.

लेप गेला, की पोलाद उघडे पडते. चाकू वापरल्याबरोबर धुऊन, कोरडा पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवावे. हळूहळू कांद्या-लिंबाच्या रसाने त्याच्यावर विळीच्या पात्यासारखी काळसर झाक चढेल. ती घासून काढण्याची घाई करू नये. तो गंज नव्हे. तांबड्या गंजाला थोडाबहुत अडविणारा तो पोलादाचा स्वतःचाच लेप आहे. कोणता थर काढावा आणि कोणता राखावा, एवढे कळले म्हणजे चाकू आपल्याला वर्षानुवर्षे साथ देतो.