संगणकाला जागे करणाऱ्याची परीक्षा

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षरे उमटेपर्यंत काही क्षण जातात. या क्षणांत नेमके काय घडते? प्रक्रियकाला (प्रोसेसरला) तेव्हा ना डिस्क ठाऊक असते, ना पडदा. तो एका ठरावीक पत्त्यावरची आज्ञा उचलतो आणि पाळू लागतो, एवढेच. तेथून सुरू होणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. तो मुख्य स्मृती वापरण्याजोगी करतो, लिनक्ससारखी कार्यप्रणाली शोधून स्मृतीत आणतो आणि तिच्या हाती सूत्रे देऊन बाजूला होतो.

एरवी एखादा प्रोग्रॅम चुकला तर कार्यप्रणाली त्याला आवरते. बूटलोडर चुकला तर त्याला सावरणारे कोणीच नसते. यंत्र नुसते मख्ख पडून राहते. पुष्कळदा काय बिघडले हेही सांगत नाही. म्हणून त्याची तपासणी फार काटेकोर असावी लागते.

यात अडचण अशी, की प्रक्रियकांच्या जाती अनेक आहेत : इंटेल, आर्म, पॉवरपीसी, मिप्स, रिस्क-फाइव्ह. त्यांच्या आज्ञा निराळ्या, पहिल्या आज्ञेचे पत्ते निराळे. इतकेच काय, संख्या मांडण्याची रीतही निराळी! आपण '२५' लिहिताना दशक आधी लिहितो, पण 'पंचवीस' म्हणताना एकक आधी उच्चारतो. प्रक्रियकांचेही असेच आहे. २५८ ही संख्या दोन बाइटांत मांडायची तर २५८ = १ × २५६ + २. पॉवरपीसी परंपरेने १, २ असे मांडतो. इंटेल २, १ असे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचले, तर २५८ चे ५१३ होतात.

यू-बूट या मुक्त बूटलोडरचे उदाहरण घेऊ. जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी तो पॉवरपीसीसाठी वाढवला. पुढे इतर जातींचीही सोय झाल्यावर २००२ मध्ये त्याला हे नाव मिळाले. यंत्रात कोणते भाग कोठे आहेत हे सांगणारी 'डिव्हाइस ट्री' नावाची तालिका तो वाचतो. तिच्यातील संख्या नेहमी मोठा बाइट आधी अशाच असतात. समजा, त्या वाचताना बाइटांचा क्रम बदलायला कोणी विसरला. पॉवरपीसीवर सारे सुरळीत चालेल. चूक उघडी पडेल ती आर्मवर. म्हणजे एका यंत्रावरचे यश हा अपुरा पुरावा आहे.

यावरचा उपाय म्हणजे 'सतत एकत्रीकरण'. प्रोग्रॅममध्ये बदल सुचवला गेला, की परीक्षक संगणक आपोआप कामाला लागतो. आधी तो बदललेला प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रक्रियकांच्या आज्ञांत भाषांतरित करतो. मग तो चालवून पाहतो. पण इतक्या जातींची यंत्रे आणायची कोठून? येथे क्यूएमू उपयोगी पडतो. फाब्रीस बेलार यांनी २००३ साली लोकांपुढे ठेवलेला हा प्रोग्रॅम एका संगणकावर दुसऱ्या जातीच्या प्रक्रियकाचे सोंग घेतो. त्यावर बूटलोडर सुरू करून, त्याला आज्ञा देऊन, उत्तरे अपेक्षेप्रमाणे येतात का ते पाहिले जाते. एक जरी उत्तर चुकले, तरी बदल अडवता येतो.

अर्थात सोंगाला मर्यादा असतात. खऱ्या स्मृतीचिपांना योग्य वेळ साधून जागे करणे हे बूटलोडरचे सर्वांत नाजूक काम. क्यूएमूची स्मृती मात्र आधीच तयार असते. त्यामुळे खऱ्या सर्किटपाट्यांवरची परीक्षा टळत नाही. तेथे परीक्षक संगणकच पाट्यांची वीज चालू-बंद करतो.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा. परीक्षेसाठी आपण २५८ ऐवजी २५७ ही संख्या निवडली असती, तर बाइटक्रमाची चूक सापडली असती का? २५७ = १ × २५६ + १. उलटसुलट कशीही वाचा, २५७ च! चूक असूनही परीक्षा उत्तीर्ण. अशा आणखी संख्या कोणत्या, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. चांगली परीक्षा म्हणजे चुकीला लपायला जागा न ठेवणारी परीक्षा, हे त्यातून त्यांच्या आपोआप लक्षात येईल.