जुन्या वाहनांची पारख

जबलपूरचा वाहन कारखाना १९६९ साली स्थापन झाला. तेथे लष्करासाठी तयार झालेल्या ‘जोंगा’ गाडीच्या नावातील आद्याक्षर जबलपूरचेच आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या अनेक जोंगा पुढे लिलावात नागरिकांनी विकत घेतल्या. परंतु अशी दणकट गाडी असो वा माल आणि माणसे वाहणारी जुनी व्हॅन असो, सांगाडा मजबूत आहे एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही. म्हणूनच आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी वाहनाची तपासणी पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी होते.

या तपासणीत सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेकचा. चाकाजवळचे रबर झिजले की ब्रेकचे तेल पाझरून अस्तरावर पसरते आणि त्या चाकाची पकड ढिली पडते. मग ब्रेक जोराने दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाते. हा दोष हळूहळू वाढत असल्यामुळे चालकाला त्याची सवय होऊन जाते. रोलरच्या यंत्रावर मात्र दोन्ही बाजूंच्या पकडीतील तफावत तत्काळ उघड होते.

याखेरीज सुकाणूचे सैल सांधे, अंधूक दिवे, १·६ मिलिमीटरहून कमी खाचा उरलेले टायर आणि पावसाळ्यातील चिखलाने गंजलेला तळ हे नेहमीचे दोष होत.

प्रमाणपत्र ही केवळ तपासणीच्या दिवसाची साक्ष असते. ब्रेकच्या टाकीतील तेल वारंवार उतरू लागले, तर पुढील तपासणीची वाट न पाहता गाडी दुरुस्तीस न्यावी.