नवी नोकरी आणि पहिली इजा

आमच्या नाचणगावाला लागूनच पुलगाव. तेथील कापडगिरणीनें व दारूगोळ्याच्या भांडारानें या भागांतील पुष्कळ घरें पोसलीं. नव्या कामावर चार दिवस होतात न होतात तोंच मुलाचें बोट यंत्रांत सांपडतें. तो चिंधी गुंडाळून हात लपवितो. बोललों तर काढून टाकतील, ही भीति! कायदा मात्र नोकरीचे दिवस मोजीत नाहीं. इजा कामामुळें व काम चालू असतां झाली काय, एवढेंच १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्यानें पाहिलें. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही तेंच तत्त्व आहे. नवख्याचा हात चुकला म्हणून हक्क जात नाहीं. मद्यपान किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणें, ही गोष्ट निराळी. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० नें घटली असें धरतात, तर्जनी गेल्यास १४ नें. मास्तरकी केलेल्या मला हें गणित निष्ठुर वाटतें. पण तें नसतें तर घासाघीस झाली असती.

मुलगा ठेकेदाराकडे असेल तर? २० नोव्हेंबर २०१८ रोजीं पुलगावच्या भांडाराच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करतांना स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत ठेकेदारानें आणलेले आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. काम मालकाच्याच धंद्याचें असेल, तर मध्यें ठेकेदार असल्यानें मालक सुटत नाहीं. भरपाई देऊन ती त्यानें ठेकेदाराकडून वसूल करावी.

म्हणून त्याच दिवशीं मुकादमाकडून इजेची नोंद करवावी. तींत वेळ, यंत्र व पाहणाऱ्यांचीं नांवें असावींत. डॉक्टरांचा कागद घरीं जपावा. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.