‘बेंगाल’ची सोबत

पहाटे ४. पहारा बदलतो. दर चार तासांनी हेच: एक जण डोळे चोळत वर येतो, दुसरा खाली जाऊन पडतो. ‘एचएमआयएस बेंगाल’ ही रॉयल इंडियन नेव्हीची छोटी कॉर्व्हेट, ऑगस्टमध्येच सिडनीत सेवेत दाखल झालेली. ५ नोव्हेंबरला फ्रीमँटल सोडल्यापासून ती ‘ओन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाला हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटापर्यंत सोबत करते आहे. आज बुधवार, ११ नोव्हेंबर १९४२. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भाऊबीज नुकतीच सरली असेल. या नौदलाला पिढ्यान्‌पिढ्या खलाशी देणारा तोच किनारा.

सकाळी ८. डेक धुणं, तोफेची साफसफाई आणि क्षितिजावर नजर. रक्षकनौकेचं बहुतेक आयुष्य असं बघण्यातच जातं. त्याला पदकं मिळत नाहीत, पण पहाऱ्यावरच्याचा डोळा लागला तर सोबतीचं जहाज उघडं पडतं. मला या कंटाळवाण्या तासांचं मोल फार वाटतं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पावणेबारा. कोकोस बेटांपासून शेकडो सागरी मैल दक्षिणेला एक जहाज दिसतं. मग दुसरं. ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’, दहा-दहा हजार टनांहून मोठ्या, मोठ्या तोफा आणि टॉर्पेडो बाळगणाऱ्या जपानी हल्लेखोर नौका. ‘बेंगाल’वर मुख्य तोफ एकच, बारा पौंडी. वेगातही त्या दोघी कितीतरी पुढे.

लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन ‘ओन्डिना’ला निघून जायला सांगतात आणि स्वतःची नौका सरळ शत्रूकडे वळवतात. सोबत या शब्दाचा अर्थ त्या वळणात आहे: मधे जाऊन उभं राहायचं. पण ‘ओन्डिना’ही पळून जात नाही. तिच्यावर चार इंची तोफ आहे आणि गोळे मोजून ३२.

बारानंतर. दोघी गोळे डागत राहतात. ‘होकोकू’च्या मागच्या भागावर गोळा बसतो, आग पसरते, मोठा स्फोट होतो आणि एकच्या सुमारास ती बुडते. गोळा कोणाचा, यावर ‘बेंगाल’ आणि ‘ओन्डिना’ दोघींकडून दावा सांगितला गेला. मला तो वाद मिटावा असंही वाटत नाही. त्या वेळी दोघींच्या तोफा चालू होत्या.

दुपार. ‘बेंगाल’चे गोळे संपत येतात. धुराचा पडदा सोडून ती दूर जाते. ‘ओन्डिना’चे गोळे तर पार संपलेले. तिचे कप्तान विलेम होर्समन मारले जातात, माणसं होड्यांत उतरतात, आणि ‘आइकोकू’ त्या होड्यांवरही मशीनगन चालवते. टॉर्पेडो बसून ‘ओन्डिना’ एका बाजूला कलते. आता ही बुडणारच, असं समजून जपानी नौका निघून जाते.

संध्याकाळ. ‘बेंगाल’वर पुन्हा पहारा लागतो. ‘ओन्डिना’ गेली, असंच सगळे धरून चाललेत. तिकडे होड्यांतली माणसं कललेल्या जहाजावर परत चढली आहेत. त्यांनी आग विझवली, दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी भरून जहाज सरळ केलं.

‘बेंगाल’ १७ नोव्हेंबरला दिएगो गार्सियाला पोचली. दुसऱ्याच दिवशी ‘ओन्डिना’ स्वतःच्या यंत्रांवर फ्रीमँटलच्या बंदरात शिरली.